भांडुपला भाड्याने की बदलापूरला स्वतःचं? दोन्हीकडे राहून झाल्यावर

ऑफिसातल्या एका मुलाचं लग्न ठरलंय. दोघांचा मिळून पगार पासष्ट हजारांच्या आसपास, आणि त्याने परवा विचारलं की दादा, भांडुप-कांजूरकडे भाड्याने राहू की सरळ बदलापूरला वन बीएचके घेऊन टाकू. जेवणाच्या सुट्टीत एवढं सगळं सांगून होत नाही म्हणून इथे लिहून काढतोय, अजून कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

मी जानेवारी 2016 ते डिसेंबर 2024 भाड्याने राहिलो, पाच घरं झाली, एक कांजूरला आणि चार भांडुपला, आणि आता वर्षाच्या वर झालं आम्ही बदलापूर पूर्वेला स्वतःच्या घरात आहोत. माझं ऑफिस विक्रोळीला, बायको मुलुंडला एका लॅबमध्ये रिपोर्ट काउंटरला असते, मुलगी तिसरीत. हे डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा, कारण तुमचं ऑफिस अंधेरी किंवा चर्चगेटला असेल तर माझा अर्धा हिशोब तुम्हाला लागू पडणार नाही. कार्पेट एरिया कसा मोजायचा, रेराचा नंबर कुठे बघायचा वगैरे सांगत बसत नाही, ते घर बघायला निघालेल्या सगळ्यांना पाठ असतं.

आधी पैशांचं उरकतो, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. 2016 ला कांजूर पूर्वेला वन आरके 11,000 ला घेतलं तेव्हा माझ्या हातात 23,000 यायचे. सप्टेंबर 2024 ला भांडुप पश्चिमेला शेवटचं घर घेतलं, जुन्या बिल्डिंगमधलं वन बीएचके, चौथा मजला, लिफ्ट नाही, भाडं 24,000, आणि तेव्हा माझा पगार होता 43,000, बायकोचा 16,000. एवढी वर्षं एकाच कंपनीत राहून, एकही वर्ष कामचुकारपणा न करता, पगार दुप्पटसुद्धा झाला नाही आणि भाडं दुपटीच्या वर गेलं. घर थोडं मोठं झालं हे खरंय, पण कांजूरचं तेच वन आरके आता बावीसला मागतात असं तिथला जुना शेजारी सांगत होता. इन्क्रिमेंट मिळते ती थोडी, तीही कधी लांबते, आणि ओनर मात्र ॲग्रीमेंट संपलं की दहा टक्के वाढवूनच बोलायला सुरुवात करतो.

बदलापूरचं घर 30 लाखांना पडलं, रिसेल, नऊ वर्षं जुनी सोसायटी. ओसी (राहायला परवानगी असल्याचा दाखला) असलेलं तयार घर असल्यामुळे जीएसटी नाही. सहा लाख आम्ही घातले, 24 लाखांचं लोन, सुरुवातीला 8.6 टक्क्यांनी वीस वर्षांसाठी, हप्ता एकवीस हजारांच्या जरा आत. मेंटेनन्स दोन हजार, दोघांचे पास आणि रिक्षा मिळून तीन हजार जास्तीचे, म्हणजे सव्वीस झाले. भाड्याकडे 24,000, त्यात दर घरबदलाला ब्रोकरचा एक महिना, ॲग्रीमेंटचा खर्च, टेम्पो, पुन्हा पडदे, पुन्हा गीझर फिटिंग, हे बारा महिन्यांवर पसरवलं तर तेही सव्वीसच्या आसपासच. त्यामुळे दर महिन्याला खिशातून जाणारे पैसे बघून ठरवणार असाल तर माझ्या मते ठरणारच नाही, दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत येतात.

फरक आहे तो सुरुवातीच्या रकमेत. डाऊन पेमेंट सहा लाख सगळे म्हणतात, पण स्टँप ड्यूटी आणि रजिस्ट्रेशनचे दोन लाखांच्या वर गेले (घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, त्याने ड्यूटीत एक टक्का वाचला, हे नक्की करा), ब्रोकर, रंगकाम, ग्रिल, सगळं मिळून नऊ लाख लागले. त्यातले काही माझ्या पीएफमधले, काही बाबांनी उसाच्या बिलातले दिले, आणि बाकीच्यासाठी बायकोचे लग्नातले दागिने गेले. ज्या दिवशी आम्ही सराफाकडे गेलो त्या दिवशी ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही. नऊ वर्षं दोघांनी नोकरी करून नऊ लाख शिल्लक पडत नाहीत या गोष्टीचा मला राग येतो, आणि तो राग बायकोवर किंवा स्वतःवर काढायचा नाही एवढं मी ठरवलेलं आहे. ज्यांच्याकडे ही रक्कम नाही त्यांनी पर्सनल लोन काढून डाऊन पेमेंट करू नये, असं मला मनापासून वाटतं, तसं करणारे दोघेजण मी जवळून बघितलेत.

टॅक्सचं म्हणाल तर आता त्यावर काही अवलंबून नाही. पूर्वी लोक सांगायचे की घर घे, व्याजावर दोन लाखांची सूट मिळते. नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची सूट नाही आणि भाड्याची एचआरएची सूटही नाही, आणि 2025-26 पासून तशीही बारा लाखांपर्यंत टॅक्स लागत नाही. तेव्हा सीएने सांगितलं म्हणून घर घेऊ नका.

व्याजदराची मात्र धास्ती ठेवा. माझ्या ओळखीच्या एकाने 2021 ला साडेसहा-सात टक्क्यांनी लोन काढलं होतं. मे 2022 च्या सुरुवातीला रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, चार टक्के होता, फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. बँकेने त्याचा हप्ता तसाच ठेवला आणि मुदत वाढवत नेली, वीस वर्षांचं लोन तिसाच्या पुढे गेलं, आणि त्याला ते कळलं वर्षभराने स्टेटमेंट बघितल्यावर. माझ्या बाबतीत उलटं झालं, मी घेतलं आणि 2025 मध्ये दर खाली येत गेले, रेपो रेट फेब्रुवारीच्या सुरुवातीला 6.5 होता तो डिसेंबरला 5.25, त्यामुळे हप्ता तोच ठेवून मुदत अडीच-तीन वर्षांनी आत आली. यात माझी हुशारी काही नाही, वेळ लागून आली. तुम्ही घेतल्यावर दर वर गेले तर हप्ता वाढवून घ्यायचा की मुदत, हे बँकेत जाऊन स्वतः सांगा, तिकडून आपोआप काही विचारत नाहीत.

सरकारी योजनांचं थोडक्यात. जून 2015 ला पंतप्रधान आवास योजना आली तेव्हा 2022 पर्यंत सर्वांसाठी घर हे वाक्य मी टीव्हीवर ऐकलं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता, खरंच ठेवला होता, दोन-तीन वर्षं थांबू म्हणून आम्ही घर बघितलंच नाही. थांबत थांबत 2022 आलं तेव्हा आम्ही भाड्याच्या चौथ्या घरात होतो आणि जुनी व्याज सबसिडी बंद झाली होती. आता त्याच योजनेच्या 2.0 मध्ये वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न, घर 35 लाखांपर्यंत आणि लोन 25 लाखांपर्यंत असेल तर 1.80 लाखांपर्यंत सबसिडी आहे, देशात कुठेही पक्कं घर नावावर नको. बदलापूरची घरं या आकड्यांत बसतात, भांडुपची बसत नाहीत. म्हाडाची लॉटरी तीनदा भरली. 2023 ला मुंबईची 4,082 घरं होती आणि अर्ज लाखाच्या वर. त्याच लॉटरीत ताडदेवला साडेसात कोटींच्या वरची घरं होती हे वाचून बायकोने पेपर घडी करून ठेवून दिला.

आता प्रवास, ज्याच्याबद्दल बदलापूरवाल्याने खोटं बोलू नये. भांडुपवरून विक्रोळीला मी घरापासून खुर्चीपर्यंत पंचवीस मिनिटांत पोचायचो. बदलापूरहून पावणेदोन तास लागतात. फास्टने ठाणे, तिथे स्लो पकडून विक्रोळी, म्हणजे रोज ठाण्याच्या जिन्यावरची ती गर्दी दोनदा. बसायला मिळतं का, तर बदलापूर लोकलला अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं उलटी बसून येतात, गाडी प्लॅटफॉर्मला लागते तेव्हाच निम्मी भरलेली असते, चौथी सीट मिळाली तरी नशीब. संध्याकाळी तर ठाण्याला बदलापूर फास्टमध्ये शिरणं हे रोज नव्याने जमवावं लागतं. 9 जून 2025 ला सकाळी दिवा-मुंब्य्राच्या मधल्या वळणावर दोन लोकल समोरासमोरून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि जीव गेले, त्या दिवशी मी त्याच मार्गावर मागच्या गाडीत अडकलो होतो, आणि घरून सतरा फोन येऊन गेले होते. त्यानंतर मी दारात उभं राहणं बंद केलं, एखादी गाडी सोडतो, उशिराची सही लागते, लागू दे. ऑफिसच्या साहेबांना ते समजतं असं नाही. आणि राज्य सरकारने सप्टेंबर 2025 ला दुकानं-ऑफिसांचे रोजचे कामाचे तास नऊवरून दहा करायला मंजुरी दिली तेव्हा मी पहिला हिशोब हाच केला, की दहा तास काम आणि साडेतीन तास गाडी, मग मुलगी मला जागी दिसणार कधी.

कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाईन 2019 ला मंजूर झालेल्या एमयूटीपी 3ए या मुंबई लोकलच्या प्रकल्पात आहे, काम चालू आहे, पण ती झाली असं धरून घर घेऊ नका. ब्रोशरवर मेट्रो 14 चा, म्हणजे कांजूर-बदलापूर मेट्रोचा, रंगीत नकाशा असतो, त्याच्याकडेही बघू नका. आज जी गाडी आहे तीच आयुष्यभर असणार असं धरून चाला.

म्हणजे शरीराच्या हिशोबाने भाड्याचं घर जिंकतं, हे मी सरळ मान्य करतो. मी चाळिशीला टेकलोय आणि शनिवारी संध्याकाळी मला कुठे जावंसं वाटत नाही. भांडुपला असताना मी मुलीला रोज खाली मैदानात घेऊन जायचो.

तरीही मी बदलापूर का धरलं, ते सांगतो. गोष्ट छोटी वाटेल, पण माझ्यासाठी त्याच गोष्टीने ठरलं, ती म्हणजे पत्ता.

भाड्याने राहणाऱ्या कुणालाही विचारा, ॲग्रीमेंट करताना ओनर एक वाक्य हमखास बोलतो. आमच्या पाचपैकी चार ओनरांनी ते बोललं, अगदी नम्रपणे, चहा देऊन बोललं, की बाकी काही प्रॉब्लेम नाही, फक्त या पत्त्यावर रेशनकार्ड, आधार, वोटिंग कार्ड वगैरे काही काढू नका. त्यांना भीती असते की कागद झाले की भाडेकरू घर सोडणार नाही. जुन्या पागडीच्या घरांच्या गोष्टी ऐकून ही भीती पिढ्यानपिढ्या चालत आलीये, आणि खरं म्हणजे तिला आता काही आधार नाही, लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला मुदत संपली की जावंच लागतं, कायदा त्या बाबतीत ओनरच्याच बाजूने आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे, त्यात ॲग्रीमेंट रजिस्टर करणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी ओनरची आहे, भाडेकरूची नाही. रजिस्टर केलं नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी धरलं जातं. हे मी ब्रोकरला एकदा सांगितलं तर तो म्हणाला, साहेब कायदा सांगणाऱ्याला घर मिळत नाही. आणि तो बरोबर होता, पुढचं घर मिळवताना मी कायद्याचा उच्चारही केला नाही.

आणि अकरा महिने. ॲग्रीमेंट वर्षाच्या आतलं असलं की रजिस्ट्रेशन टळतं अशी जुनी समजूत होती, त्यातून हे अकरा आले. महाराष्ट्रात कितीही महिन्यांचं असलं तरी रजिस्टर करायचंच असतं, त्यामुळे अकरा महिन्यांचा कुणालाच काही फायदा नाही, तरी तेच चालू आहे. छत्तीस महिन्यांचं करता येतं, भाडेवाढ आधीच लिहून घेता येते. तुम्ही भाड्याने राहायचं ठरवलं तर माझी एवढी एकच विनंती, अकरा महिन्यांना हो म्हणू नका, एक-दोन घरं हातची गेली तरी चालतील, छत्तीसवाला ओनर शोधा, आणि पत्त्यावर कागद काढायला त्याची हरकत नाही हे आधीच बोलून घ्या.

आम्ही ते केलं नाही. त्यामुळे नऊ वर्षं आमचे कागद आमच्या मागे एक-दोन घरांनी चालायचे. आधार कांजूरचं, गॅसचं कार्ड भांडुपच्या दुसऱ्या घराचं, बँकेचा पत्ता तिसऱ्या घराचा, रेशनकार्ड गावाला बाबांच्या नावात. विम्याच्या हप्त्याची नोटीस जुन्या घरी जाऊन पडली आणि पॉलिसी लॅप्स झाली. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर दोन चौकटी असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. कायमच्या चौकटीत मी दरवर्षी गावचा पत्ता लिहायचो, जिथे ती उन्हाळ्यात दहा दिवस जाते. फॉर्म भरताना दरवेळी तिथे पेन थांबायचं. कुणाला हे क्षुल्लक वाटेल, असू दे.

मतदानाचं त्याहून वाईट झालं. माझं नाव 2016 ला कांजूरच्या पत्त्यावर चढलं होतं. फेब्रुवारी 2017 ला महापालिकेला मी तिथेच मत दिलं, 2019 ला लोकसभेलाही भांडुपहून कांजूरला जाऊन दिलं. 20 मे 2024 ला ऊन मरणाचं होतं, रांग हलत नव्हती, दीड तास उभं राहिल्यावर आत गेलो तर यादीत नाव नाही. वगळलंय म्हणाले, त्या पत्त्यावर राहत नाही म्हणून. त्यांचं चुकलं नव्हतं, मी खरंच तिथे राहत नव्हतो. पण जिथे राहत होतो तिथल्या पत्त्यावर नाव लावायला ओनर ॲग्रीमेंट वापरू देत नव्हता. बाहेर येऊन बायकोची वाट बघत उभा राहिलो, तिचं नाव गावाकडे होतं, ती नुसती सोबत आली होती. माझ्या पुढे रांगेत असलेले एक काका बोटाला शाई लावून बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, झालं का? मी मान हलवली.

त्या दिवशी मला जे वाटलं ते नीट लिहायचा प्रयत्न करतो. दोन वर्षं मी ट्रेनमध्ये, ऑफिसात, घरी, सगळीकडे बडबडत होतो, की पक्ष फुटले, इकडचे तिकडे गेले, ज्यांना ज्यांच्या विरोधात मत दिलं तेच एकत्र बसले, गॅस महाग, भाडं महाग, पगार तिथेच, आणि टीव्हीवर दिवसभर दुसऱ्याच गोष्टींचं भांडण. हे सगळं मनात साठवून मी त्या दिवसाची वाट बघत होतो, की निदान एक बटण दाबू. ते बटणही माझं नव्हतं. मी लगेच नवीन फॉर्म भरला, चौथ्या ओनरला विनवून ॲग्रीमेंटची कॉपी लावली, आणि त्याच ओनरने जुलैमध्ये सांगितलं की मुलाचं लग्न आहे, घर लागेल. पडताळणीला माणूस आला तेव्हा आम्ही सामान हलवलं होतं. 20 नोव्हेंबर 2024 ची विधानसभाही गेली.

मग एक विचार डोक्यात बसला तो निघेना. भाडेकरूंबद्दल कुणी पक्ष काही बोलत का नाही? भाषणात पुनर्विकास येतो, झोपडपट्टी येते, म्हाडा येते, शेतकऱ्याची कर्जमाफी येते, आणि यायलाच हवी. पण दर अकरा महिन्यांनी दहा टक्के भाडेवाढ देणारा माणूस कुणाच्याही जाहीरनाम्यात नीट दिसत नाही. माझ्या मते कारण साधं आहे, तो यादीत सापडत नाही, सापडला तर पुढच्या निवडणुकीला त्या वॉर्डात असेलच याची खात्री नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली आणि निवडणूक झाली 15 जानेवारी 2026 ला. एवढ्या काळात एक भाडेकरू तीन-चार घरं बदलून जातो. त्याच्या दारात मत मागायला कोण येणार, आणि त्याने नळाची तक्रार करायची कुणाकडे?

घर बघायला आम्ही ऑगस्ट 2024 पासूनच बदलापूरला जात होतो. त्याच महिन्यात तिथल्या शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराची बातमी आली आणि 20 ऑगस्टला लोक स्टेशनात रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद होत्या. बायको म्हणाली, आपल्या मुलीला घेऊन इथे यायचं? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. दोन आठवडे आम्ही विषय काढला नाही. नंतर तीच म्हणाली, एवढी माणसं कामधंदा सोडून उतरली, त्यात बायका किती होत्या बघितलंस का. शाळा निवडताना मात्र आम्ही तीन शाळांत जाऊन शिपाई, टॉयलेट, कॅमेरे, सगळं स्वतः बघितलं, कुणाला वाईट वाटेल याची फिकीर केली नाही.

मार्गशीर्षात राहायला आलो. भांडुपच्या घराचा एक महिना सोडावा लागला. आठवडाभरात बायकोच्या नावाचं लाईट बिल झालं, ते दाखवून दोघांचे आधार बदलले, मग गॅस, बँक, मग मतदार यादी. बदलापूर मुरबाड विधानसभेत आणि भिवंडी लोकसभेत येतं हे मला तेव्हाच कळलं. डिसेंबर 2025 ला नगरपरिषदेला आम्ही दोघांनी मत दिलं, बायकोचं लग्नानंतरचं गावाबाहेरचं पहिलंच. ज्याला दिलं तो निवडून आला की नाही हे सोडा. त्याआधी महिनाभर संध्याकाळी कोण ना कोण दारात यायचं, सोसायटीच्या गेटसमोरच्या गटारीबद्दल आम्ही तिघा उमेदवारांना तेच तेच सांगितलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं, कारण त्यांच्या हातातल्या कागदावर आमची नावं होती.

अजून एक गोष्ट तराजूत टाकली होती, म्हातारपण. खासगी नोकरीवाल्यांची पीएफ पेन्शन ज्या पगारावर मोजतात त्याची मर्यादा 2014 ला 15,000 केली, आणि मी घर घेतलं तेव्हा, म्हणजे दहा वर्षांनी, ती तिथेच होती. त्या हिशोबाने तीस वर्षं नोकरी केली तरी सात हजारांच्या आत पेन्शन बसते. साठीनंतर त्यात भांडुपला कुठलं घर भाड्याने मिळणार, आणि साठीच्या नवरा-बायकोला चौथ्या मजल्यावरचं घर अकरा महिन्यांसाठी देणार कोण? ज्यांची मुलं पुढे सांभाळतील अशी खात्री आहे त्यांनी हा मुद्दा सोडून द्यावा. मला मुलीवर तो भार टाकायचा नाही.

बदलापूरच्या बाजूचं वाईट लपवत नाही. पाणी आमच्याकडे सकाळी तासभर, एप्रिल-मेमध्ये सोसायटीला टँकर लागतो, आणि त्याचे पैसे मेंटेनन्सच्या वर. लाईट भांडुपपेक्षा नक्कीच जास्त जाते. पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूने घर बघत असाल तर पूररेषा बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती ते आठवा. तळमजला तर नकोच. रात्री-अपरात्री मोठं हॉस्पिटल लागलं तर कल्याण किंवा ठाणे, आणि भांडुपला असताना मुलुंड दहा मिनिटांवर होतं. घरात आजारी आई-वडील असतील तर मी स्वतः कदाचित वेगळा निर्णय घेतला असता.

बायकोला विचाराल तर ती अजून म्हणते की दोन-तीन वर्षं थांबलो असतो तर चाललं असतं. तिला लेडीज डब्यातून रोज मुलुंडपर्यंत जावं लागतं, तिथे फास्ट थांबेलच असं नाही, आणि घरी आल्यावर पुन्हा स्वयंपाक आहेच, मी भाजी चिरतो, कणीक मळतो, पण कष्ट तिलाच जास्त पडतात हे मला दिसतं. तिचं मत माझ्या मताएवढंच धरा. फक्त परवा मुलीच्या शाळेचा चौथीचा फॉर्म आला तो तिने भरला, आणि दोन्ही चौकटींत एकच पत्ता लिहिला, दुसऱ्यांदा लिहायला कंटाळा न करता, पूर्ण, पिनकोडसकट.

तर ऑफिसातल्या त्या मुलासाठी, आणि त्याच्यासारख्या कुणासाठी. हातात नऊ-दहा लाख उधारी न करता असतील, दोघांपैकी निदान एकाचं ऑफिस ठाण्याच्या आसपास असेल, आणि पुढची पाच वर्षं नोकरी बदलून पश्चिम रेल्वेवर जायचं नसेल, तर बदलापूर बघा. टोकन देण्याआधी एक सोमवार सुट्टी न घेता तिथून ऑफिसला जाऊन या, आदल्या रात्री कुणा ओळखीच्याकडे राहून, आणि संध्याकाळी परत तिथेच उतरा. होणाऱ्या बायकोलाही तिच्या ऑफिसला तसंच जाऊन यायला सांगा, त्याच दिवशी. दोघं रात्री जेवायला बसल्यावर एकमेकांशी नीट बोलू शकलात तर टोकन द्यायला हरकत नाही, असं मला वाटतं.